पगार घेऊन विद्या : अमेरिकेतला वायरमन असा घडतो

दहावी-बारावीनंतर मुलाने हुन्नर शिकावा असे कष्टकरी आईबापांना वाटते. अडते एका ठिकाणी. शिकण्याच्या दोन-तीन वर्षांत घरात चार पैसे आणणारा हात कमी होतो. अमेरिकेत वीजकामगारांच्या युनियनने हा पेच ज्या रीतीने सोडवला, ती रीत आपल्या वाचकांनी समजून घ्यावी अशी आहे.

ही युनियन म्हणजे इंटरनॅशनल ब्रदरहूड ऑफ इलेक्ट्रिकल वर्कर्स. १८९१ साली सेंट लुइस शहरात ती स्थापन झाली. पहिले अध्यक्ष हेन्री मिलर स्वतः खांबावर चढणारे लाइनमन होते. १८९६ मध्ये वॉशिंग्टनला कामावर असतानाच ते मरण पावले. अडाणीपणाने वीज हाताळणे म्हणजे मरण, हे या कामगारांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. म्हणून शिक्षणावर त्यांचा एवढा भर!

युनियन आणि कंत्राटदारांची संघटना यांच्या संयुक्त समित्या गावोगावी हे शिक्षण चालवतात. इमारतींच्या वायरिंगचा शिक्षणक्रम साधारण पाच वर्षांचा असतो. प्रत्यक्ष कामाचे ८००० तास आणि वर्गातले सुमारे ९०० तास. शिकाऊ उमेदवाराला पहिल्या दिवसापासून मजुरी मिळते. सुरुवातीला ती पूर्ण कारागिराच्या निम्म्याच्या आसपास असते आणि टप्प्याटप्प्याने वाढत जाते. पाच वर्षांनी हातात पूर्ण कारागिराची मजुरी येते, डोक्यावर कर्ज नसते.

प्रवेशाला वय १८, शालान्त शिक्षण आणि बीजगणित लागते. मग लेखी चाचणी व मुलाखत. वायर ओढणाऱ्याला बीजगणित कशाला, असे कोणी विचारील. एक उदाहरण घ्या. भिंतीलगत चाललेला लोखंडी पाईप मध्ये आलेल्या तुळईवरून १० इंच उचलून न्यायचा आहे आणि ३० अंशांचे दोन बाक द्यायचे आहेत. दोन बाकांत अंतर किती? २० इंच. हा हिशेब त्रिकोणमितीचा. तो चुकला की पाईप भंगारात. तेव्हा गणित सोडतो म्हणणाऱ्या मुलाला हे जरूर सांगा.

पण हे चित्र पहिल्यापासून एवढे स्वच्छ नव्हते. बांधकामाच्या अनेक युनियनांत प्रवेश मिळे तो बापाच्या, चुलत्याच्या ओळखीने. बाप गोरा, मुलगा गोरा, म्हणून धंदाही गोऱ्यांचाच! निग्रो म्हणून हिणवलेल्या काळ्या तरुणांना दार बंद. मुंबईच्या गिरण्यांत काय वेगळे होते? धाग्याला तोंड लावावे लागते म्हणून चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच सवाल कामगार पुढाऱ्यांपुढे टाकला होता.

न्यूयॉर्कच्या लोकल ३ या शाखेचे पुढारी हॅरी व्हॅन आर्सडेल यांनी १९६२ मध्ये आठवड्याचे कामाचे तास २५ वर आणून घेतले. त्यातून वाढलेल्या कामासाठी सुमारे हजार नवे शिकाऊ भरले आणि त्यांत दोनशेहून अधिक काळे व पोर्टो रिकन तरुण घेतले. सगळ्यांनी मात्र असे आपणहून केले नाही. १९६३ साली न्यूयॉर्क, फिलाडेल्फियात बांधकामांवर निदर्शने झाली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने युनियनांनाही भेदभावाची बंदी केली. १९७८ च्या सरकारी नियमांनी स्त्रियांच्या भरतीची उद्दिष्टे घालून दिली. तरीही या धंद्यात स्त्रिया आजही थोड्याच आहेत.

आपल्याकडे १९६१ चा अ‍ॅप्रेंटिस अ‍ॅक्ट आहे. त्याच्या कलम १८ प्रमाणे शिकाऊ उमेदवार हा कामगार धरला जात नाही. त्याला मिळते ते विद्यावेतन, मजुरी नव्हे. फरक आहे तो इथेच. शिकाऊंच्या मजुरीचा करार करायला तिथे युनियन बसते. मात्र याच कायद्याच्या कलम ३-अ ने अनुसूचित जाती-जमातींसाठी शिकाऊंच्या जागा राखून ठेवल्या आहेत आणि १९९० पासून अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांचाही त्यांवर हक्क आहे. आयटीआय झालेल्या मुलामुलींनी अर्ज करण्यापूर्वीच जातीचा दाखला काढून ठेवावा.