टिकाऊ कापडाचा धंदा टिकतो कसा?

कापडाच्या बाजारात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जी उलथापालथ झाली, तिचा अनुभव प्रत्येक घराला आहे. पूर्वी लुगडे विरले की त्याचे जुनेर होई, जुनेराची गोधडी होई आणि उरलेसुरले कपडे बोहारणीला देऊन घरात भांडे येई. आज सदरा विरण्यापूर्वीच टाकला जातो, कारण जुना नीट करून घेण्यापेक्षा नवा घेणे स्वस्त पडते. जगात तयार होणाऱ्या धाग्यापैकी निम्म्याहून अधिक धागा आता खनिज तेलापासून काढलेल्या पॉलिएस्टरचा असतो. तो मातीत सहजी कुजत नाही. अशा बाजारात जमीन, पाणी आणि कामगार यांची कदर ठेवून कापड करणारा व्यापारी उभा तरी कसा राहतो, हा प्रश्न आम्ही येथे विचारासाठी घेतला आहे.

हेतू चांगला असला की धंदा आपोआप चालतो, अशी कोणाची समजूत असेल तर ती आरंभीच दूर केलेली बरी. स्वीडनमध्ये रिन्यूसेल नावाच्या कंपनीने जुन्या सुती कपड्यांचा लगदा करून त्यापासून पुन्हा धागा काढता येईल अशी रीत बसविली. २०२२ मध्ये सुंड्सवाल या गावी तिचा मोठा कारखाना सुरू झाला. नामांकित कपडेवाल्यांनी तिचे तोंड भरून कौतुक केले; परंतु पुरेशी मागणी मात्र आली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले. पुढे नव्या मालकाने ती घेतली, हे खरे. पण धडा स्पष्ट आहे. कौतुकाने कामगारांचा पगार भागत नाही. गिऱ्हाईक हवे, आणि ते आज हवे.

मग जे टिकले ते कशाच्या बळावर? याचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेतील पॅटागोनिया या कंपनीचा इतिहास पाहण्यासारखा आहे. तिचा संस्थापक इव्हॉन शुइनार्ड हा मूळचा गिर्यारोहक. १९५७ मध्ये तो स्वतःच लोहारकाम शिकला आणि कड्याच्या फटींत ठोकण्याच्या पोलादी मेखा घडवून विकू लागला. धंदा भरभराटीस आला. पण याच मेखा पुन्हा पुन्हा ठोकल्यामुळे आवडते कडे छिन्नविच्छिन्न होत आहेत, हे त्याच्या ध्यानात आले. त्या वेळी त्याच्या विक्रीचा सुमारे सत्तर टक्के भाग मेखांचा होता. तरीही १९७२ मध्ये त्याने मेखांऐवजी हाताने बसविता व काढता येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पाचरी पुढे केल्या, आणि त्या का वापराव्यात हे आपल्या सूचिपत्रात गिर्यारोहकांना सविस्तर समजावून दिले. थोड्याच काळात मेखांची मागणी ओसरली आणि पाचरींची वाढली. बाजार बदलला म्हणून हा मनुष्य बदलला नाही. तो आधी बदलला आणि गिऱ्हाइकाला कारण सांगून आपल्याबरोबर घेऊन गेला.

१९७३ मध्ये कपड्यांसाठी पॅटागोनिया निघाली. १९८८ मध्ये बॉस्टन येथे तिचे दुकान उघडल्यावर तेथील नोकरांची डोकी दुखू लागली. तपासात आढळले की सुती कपड्यांना सुरकुत्या पडू नयेत म्हणून लावलेले फॉर्माल्डिहाइड दुकानाच्या हवेत साचत होते. त्यावरून कापसाची चौकशी सुरू झाली, आणि शेतात फवारल्या जाणाऱ्या विषारी औषधांपर्यंत ती जाऊन पोहोचली. १९९४ मध्ये कंपनीने निश्चय केला आणि १९९६ पासून तिचे सर्व सुती कपडे सेंद्रिय कापसाचे झाले. हे काम सोपे नव्हते. तयार माल मिळेना. थेट शेतकऱ्यापर्यंत जावे लागले. काही नमुने बंद करावे लागले. आपल्या नोकरांना गाडीत बसवून कापसाची शेते दाखविण्यात आली, कारण ज्याला स्वतःला पटले नाही तो दुसऱ्याला काय पटविणार?

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. असा व्यापारी स्वस्ताईच्या शर्यतीत उतरतच नाही. उतरला तर हरतो. तो हिशोबच निराळा मांडतो. समजा, चारशे रुपयांचा सदरा वीस धुण्यांत बाद झाला आणि बाराशेंचा सदरा शंभर धुणी टिकला. पहिला एका धुण्याला वीस रुपये पडला, दुसरा बारा. महाग कोणता? हा हिशोब गिऱ्हाइकाच्या गळी उतरवायचा तर कापड खरोखरच टिकले पाहिजे, आणि उसवले तर नीट करून मिळाले पाहिजे. म्हणून पॅटागोनियाने नेव्हाडा राज्यात रेनो येथे दुरुस्तीचा मोठा कारखानाच ठेवला आहे. २०१७ पासून ती आपलेच वापरलेले कपडे परत घेऊन, साफसूफ करून पुन्हा विकते. आपली बोहारीण हेच करीत आली आहे. फरक इतकाच की येथे मूळ विक्रेताच बोहारीण झाला, आणि एकाच कपड्यावर त्याला दोनदा कमाई होऊ लागली.

२०११ च्या नोव्हेंबरात, अमेरिकेतील सर्वांत मोठ्या खरेदीच्या दिवशी, या कंपनीने न्यूयॉर्क टाइम्समध्ये स्वतःच्या जाकिटाचे चित्र छापून ते विकत घेऊ नका, असे सांगितले. त्या एका जाकिटापायी १३५ लिटर पाणी खर्च होते, हेही छापले. विक्री घटली नाही, वाढली. टीकाकार म्हणाले, ही तर उत्तम जाहिरात! आक्षेप अगदी पोकळ नाही. कमी घ्या म्हणणाऱ्याचाच माल अधिक खपला, हा या धंद्यातला पेच आहे. कंपनीला वाढीचा लोभ सुटला नव्हता अशी वेळही आली होती. १९९१ मध्ये वारेमाप विस्तारानंतर मंदी येताच तिला एका दिवसात १२० माणसे, म्हणजे पाचवा हिस्सा नोकर, कमी करावे लागले. त्यानंतर तिने वाढीला आवर घातला. सप्टेंबर २०२२ मध्ये शुइनार्ड कुटुंबाने मालकीच सोडून ती एका विश्वस्तनिधीकडे व एका संस्थेकडे सोपविली. व्यवसायाला लागेल ते ठेवून उरलेला नफा निसर्गरक्षणाला जातो.

या कथेचा आपल्याशी संबंध दूरचा नाही. २०१८ मध्ये याच कंपनीने भारतातील दीडशेहून अधिक लहान कापूस शेतकऱ्यांबरोबर जमिनीचा कस वाढविणाऱ्या शेतीचा प्रयोग सुरू केला. शेतकऱ्याची खरी अडचण रासायनिक खत सोडल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांची असते. उत्पन्न घटते, पण कापूस अजून सेंद्रिय ठरत नाही आणि भावही तसा मिळत नाही. त्या काळातला कापूस जो वाढीव भावाने उचलतो, तोच उद्याचा सेंद्रिय कापूस मिळवतो. येथे परोपकार आणि व्यापार यांच्यात भांडण उरत नाही.

कायदाही आता या बाजूला झुकू लागला आहे. फ्रान्सने २०२० च्या कायद्याने न खपलेला माल नष्ट करण्यास मनाई केली, आणि २०२३ पासून कपडे दुरुस्त करून घेणाऱ्यास किमतीत सूट दिली. युरोपीय संघानेही २०२४ मध्ये न विकलेले कपडे नष्ट करण्याविरुद्ध नियम केला. जो आधीच या वाटेने चालला, त्याला हा नियम ओझे वाटत नाही. इतरांना नव्याने शिकावे लागते.

एवंच, असा धंदा तीन गोष्टींवर उभा राहतो: माल खरोखर टिकाऊ, हिशोब उघडा आणि वाढ आवरलेली. चौथी गोष्ट मात्र व्यापाऱ्याच्या हाती नाही, ती आपल्या हाती आहे. रिन्यूसेलला वाखाणणारे पुष्कळ होते, विकत घेणारे थोडे निघाले. तेव्हा पुढच्या वेळी दुकानात भाव विचारून झाल्यावर आणखी दोन प्रश्न विचारावेत: सूत कोठले, आणि उसवले तर शिवून द्याल का? दहा गिऱ्हाइकांनी हे विचारले तर दुकानदार उत्तर शोधू लागेल.