न्यू प्लेसचे मालक : स्ट्रॅटफर्डचे शेक्सपिअर घराणे

इंग्लंडमधील वॉरिकशायर परगण्यातले स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन हे ११९६ मध्ये बाजार भरवण्याची राजसनद मिळालेले आणि आसपासच्या खेड्यांतील धान्य, गुरे, लोकर व कातडी यांच्या उलाढालीवर वाढलेले बाजारपेठेचे गाव आहे. मराठी वाचकाला विल्यम शेक्सपिअर भेटला तो आगरकरांच्या ‘विकारविलसित’सारख्या रूपांतरांतून, म्हणजे नाटककार म्हणून, स्ट्रॅटफर्डच्या दफ्तरात मात्र तो घर, शेत आणि धान्य बाळगणारा सधन गृहस्थ म्हणून आढळतो. त्याच्या घराण्याचा इतिहास समजून घ्यायचा तर नाटकांपेक्षा खरेदीखते, न्यायालयीन नोंदी आणि मृत्युपत्र हीच साधने अधिक भरवशाची ठरतात.

विल्यमचा आजोबा रिचर्ड हा जवळच्या स्निटरफील्ड गावात रॉबर्ट आर्डन या जमीनदाराचे कूळ म्हणून शेती करत असे. रिचर्डचा मुलगा जॉन शेती सोडून स्ट्रॅटफर्डला आला आणि त्याने हातमोजे शिवण्याचा व तुरटीच्या साहाय्याने पांढरे मऊ कातडे कमावण्याचा धंदा सुरू केला. गावच्या कागदपत्रांत त्याचे नाव प्रथम येते ते १५५२ मध्ये, हेन्ली स्ट्रीटवर परवानगीवाचून उकिरडा केल्याबद्दल झालेल्या एक शिलिंग दंडाच्या नोंदीत. पुढे काही वर्षांतच जॉनने ज्या आर्डनची जमीन आपला बाप कसत होता त्याच आर्डनच्या धाकट्या मुलीशी, मेरीशी, विवाह केला. वडिलांकडून तिला मिळालेली विल्मकोटची जमीन अशा रीतीने कुळाच्या मुलाच्या घरात आली. १५६८ मध्ये जॉन ‘बेलिफ’, म्हणजे नगरपरिषदेचा वर्षभरासाठी निवडलेला प्रमुख, झाला. एका पिढीत कुळवाडीतून नगरप्रमुखपदापर्यंत झालेली ही वाटचाल त्या काळाच्या मानाने फार वेगवान म्हणावी लागेल.

हा उत्कर्ष टिकला नाही. कायद्याने व्याजबट्ट्याला बंदी असताना व्याजाने पैसे दिल्याबद्दल आणि परवान्यावाचून लोकरीचा व्यापार केल्याबद्दल जॉनवर खटले झाले; १५७६ नंतर तो परिषदेच्या बैठकांना येईनासा झाला, १५७८ मध्ये मेरीच्या वारशातील जमीन ४० पौंडांना गहाण पडली आणि ती या घराण्याला पुन्हा कधीच सोडवता आली नाही. १५९२ च्या एका यादीत, कर्जाच्या वसुलीसाठी पकडले जाण्याच्या भीतीने चर्चला न जाणाऱ्यांमध्ये त्याचे नाव आहे.

विल्यमने लंडनच्या रंगभूमीवर मिळवलेला पैसा कोठे गेला, याचे उत्तर या पडझडीत आहे. २० ऑक्टोबर १५९६ रोजी लंडनच्या कुलचिन्ह कार्यालयाने जॉन शेक्सपिअरला कुलचिन्ह, म्हणजे घराण्याची ओळख सांगणारी अधिकृत ढाल, मंजूर केले. सोनेरी ढालीवर काळा तिरपा पट्टा, त्यावर भाला आणि वर भाला धरलेला बहिरी ससाणा असे तिचे रूप होते. ही मंजुरी म्हणजे केवळ शोभा नव्हती. त्या समाजात स्वतःची जमीन कसणारा सधन शेतकरी, ज्याला ‘योमन’ म्हणत, आणि अंगमेहनतीवाचून उत्पन्नावर जगणारा ‘जंटलमन’ यांच्यामध्ये दर्जाची स्पष्ट रेषा होती, आणि कुलचिन्ह हा ती रेषा ओलांडल्याचा वंशपरंपरेने चालणारा पुरावा होता. मंजुरीच्या मसुद्यात जॉनच्या पूर्वजाने सातव्या हेन्री राजाची सेवा करून बक्षीस मिळवल्याचे म्हटले आहे. अशा बक्षिसाची नोंद मात्र सापडलेली नाही. १६०२ मध्ये राल्फ ब्रुक या दुसऱ्या अधिकाऱ्याने एका नटाच्या घराण्याला हा मान दिल्याबद्दल हरकत घेतली, तेव्हा मंजुरी देणाऱ्यांनी उत्तरात जॉनचे नगरप्रमुखपद आणि आर्डन घराण्याशी असलेली सोयरीक पुढे केली. नाटकांचा उल्लेख त्यांना उपयोगाचा नव्हता, ही बाब त्या काळच्या प्रतिष्ठेच्या कल्पनेवर पुरेसा प्रकाश टाकते. याहून मनाला चटका लावणारी गोष्ट अशी की, विल्यमचा एकुलता एक मुलगा हॅम्नेट अकराव्या वर्षी वारला आणि त्याचे दफन ११ ऑगस्ट १५९६ रोजी, म्हणजे मंजुरीच्या जेमतेम दहा आठवडे आधी, झाले होते.

पुढच्याच वर्षी विल्यमने गावातील सर्वांत मोठ्या घरांपैकी एक असलेला ‘न्यू प्लेस’ हा वाडा घेतला. पंधराव्या शतकात तो ह्यू क्लॉप्टन या लंडनच्या श्रीमंत व्यापाऱ्याने बांधला होता. १५९८ च्या धान्यटंचाईत साठ्यांची मोजणी झाली तेव्हा शेक्सपिअरच्या घरी बिअरसाठी लागणारे मोड आणून वाळवलेले जव सुमारे ८० बुशेल निघाले. १६०२ मध्ये त्याने ३२० पौंडांना १०७ एकर शेतजमीन घेतली आणि १६०५ मध्ये ४४० पौंड देऊन दशांश कराच्या वसुलीतला हिस्सा भाडेपट्ट्याने मिळवला. पिकाचा दहावा भाग चर्चला देण्याचा हा जुना कर धर्मसुधारणेनंतर खाजगी लोकांच्या हाती गेला होता.

२५ मार्च १६१६ चे मृत्युपत्र या सर्व धडपडीचा हेतू उघड करते. मालमत्ता थोरली मुलगी सुझॅना हिच्याकडे, तिच्यानंतर तिच्या पहिल्या मुलाकडे, तो नसल्यास दुसऱ्याकडे, असे करत सातव्या मुलापर्यंतचा क्रम त्यात लावून दिला आहे. इस्टेट तुकडे न होता एकाच पुरुष वारसाकडे जावी, अशी ही ‘एन्टेल’ नावाची तजवीज होती. भावाभावांच्या वाटण्या पाहिलेल्या मराठी वाचकाला ती कठोर वाटेल, परंतु इंग्लंडमधील मोठ्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या अभंग राहिल्या त्या अशाच व्यवस्थेमुळे. पत्नी ॲनला दिलेल्या ‘दुसऱ्या क्रमांकाच्या पलंगा’वर पुष्कळ लिहिले गेले आहे, घराण्याच्या दृष्टीने खरे महत्त्व त्या सात नातवांच्या कलमाला आहे, कारण त्यांच्यापैकी एकही जन्माला आला नाही.

सुझॅना आणि तिचा पती डॉक्टर जॉन हॉल यांना एलिझाबेथ ही एकच मुलगी झाली. धाकट्या ज्युडिथने थॉमस क्विनीशी लग्न केले. तिच्या तीन मुलांपैकी पहिला तान्हेपणीच गेला आणि उरलेले दोघे १६३९ मध्ये अविवाहित वारले. एलिझाबेथने दोन विवाह केले, पण १६७० मध्ये ती निपुत्रिक मरण पावली आणि विल्यमचा वंश संपला. न्यू प्लेस पुढे क्लॉप्टन घराण्याकडे परत गेले, १७०२ च्या सुमारास नव्याने बांधले गेले आणि १७५९ मध्ये फ्रान्सिस गॅस्ट्रेल या धर्मोपदेशक मालकाने ते पाडून टाकले.

मृत्युपत्रात बहीण जोन हिला मात्र २० पौंड, काही कपडे आणि हेन्ली स्ट्रीटवरील जुन्या घरात वर्षाला १२ पेन्स नाममात्र भाड्याने तहहयात राहण्याचा हक्क दिला होता. टोप्या बनवणाऱ्या विल्यम हार्टशी तिचे लग्न झाले होते. पुढे एलिझाबेथच्या मृत्युपत्राने हे घर हार्टांच्या मालकीचे झाले आणि १८०६ पर्यंत त्यांच्याकडे राहिले. १८४७ मध्ये लोकवर्गणीतून ते ३,००० पौंडांना विकत घेऊन जतन करण्यात आले. शेक्सपिअरचे थेट वंशज आज कोणी नाहीत. जोन हार्टचे आहेत.