प्रतिमानन भाषा, इष्टतमीकरणाच्या
प्रतिमानन भाषा, इष्टतमीकरणाच्या : उपलब्ध साधनसामग्रीच्या मर्यादेत एखादी राशी कमाल किंवा किमान कशी करता येईल, या स्वरूपाचे प्रश्न गणिताच्या नेहमीच्या लेखनपद्धतीला जवळच्या रूपात संगणकाला सांगण्यासाठी योजलेल्या भाषा. यांपैकी ज्यांची मूळ आज्ञावली कोणासही पाहण्यास, वापरण्यास, बदलण्यास व इतरांस देण्यास मोकळी असते, त्यांना मुक्तस्रोत किंवा ओपन सोर्स प्रतिमानन भाषा म्हणतात.

इष्टतमीकरणाच्या प्रश्नात तीन घटक असतात : ज्यांची मूल्ये ठरवावयाची ती निर्णयचले, कमाल वा किमान करावयाचे उद्दिष्ट फलन आणि चलांवरील निर्बंध. उद्दिष्ट व निर्बंध एकघाती असल्यास त्या प्रश्नास रेषीय कार्यक्रमण म्हणतात. अशा प्रश्नांची मांडणी रशियन गणितज्ञ कंटोरोव्हिच यांनी १९३९ मध्ये केली. ते सोडविण्याची सिंप्लेक्स ही रीती अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज डँट्‌झिग यांनी १९४७ मध्ये शोधून काढली.

गरज : या रीतीला प्रश्न सहगुणकांच्या आव्यूहाच्या रूपात द्यावा लागतो. नियोजन करणारा मनुष्य मात्र सर्वसाधारण विधानांतून विचार करतो. उदा., ३० गोदामांतून ५०० बाजारपेठांना कमीत कमी खर्चात धान्य पोहोचवावयाचे आहे. यातील निर्बंध दोनच वाक्यांत सांगता येतात : कोणत्याही गोदामातून साठ्यापेक्षा अधिक माल जाऊ नये आणि प्रत्येक पेठेची मागणी पूर्ण व्हावी. परंतु आव्यूहरूपात याच प्रश्नात १५,००० चले, ५३० निर्बंध आणि निर्बंधांतील ३०,००० शून्येतर सहगुणक येतात. आयबीएम कंपनीने रूढ केलेल्या एमपीएस या छिद्रपत्रांच्या काळातील मांडणीत हे सहगुणक स्तंभवार, प्रत्येक नाव आठ अक्षरांत बसवून नोंदवावे लागत. त्यासाठी आव्यूह तयार करणारी स्वतंत्र आज्ञावली लिहीत. तीत चूक राहिल्यास ती शोधणे दुष्कर असे आणि संगणक चुकीच्या प्रश्नाचे बिनचूक उत्तर देत असे. रॉबर्ट फोरर यांनी १९८३ मध्ये मनुष्याला सोयीचे रूप व रीतीला सोयीचे रूप यांतील हा भेद स्पष्ट केला. पहिल्या रूपाचे दुसऱ्यात रूपांतर करण्याचे काम संगणकावरच सोपवावे, असे त्यांनी प्रतिपादन केले.

रचना : या भाषांत संच (गोदामे, पेठा), प्राचले (साठा, मागणी, वाहतूक-दर), चले, उद्दिष्ट व निर्बंध क्रमाने घोषित करतात. वरील उदाहरणातील दोन वाक्ये दोन निर्बंध-विधाने होतात. गोदामे तीन असोत वा तीनशे, विधाने बदलत नाहीत. फक्त आधारसामग्री बदलते. ती वेगळ्या धारिकेत ठेवता येते. प्रश्न प्रत्यक्ष सोडविणारी आज्ञावली, म्हणजे सॉल्व्हर, हाही स्वतंत्र घटक असतो. त्यामुळे प्रतिमानाला हात न लावता एका सॉल्व्हरऐवजी दुसरा वापरता येतो.

विकास : पहिल्या प्रमुख भाषा खाजगी मालकीच्या होत्या. गॅम्स ही भाषा जागतिक बँकेत विकसित झाली व १९८७ मध्ये स्वतंत्र कंपनीकडे गेली. ॲम्पल ही फोरर, डेव्हिड गे व ब्रायन कर्निघन यांनी १९८५ पासून बेल प्रयोगशाळेत निर्माण केली. याच प्रयोगशाळेत मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेचे पदवीधर नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये रेषीय कार्यक्रमणाची नवी अंतर्बिंदू रीती मांडली. तिच्यावर एटी अँड टी कंपनीला १९८८ मध्ये अमेरिकेत एकस्व (पेटंट) मिळाले, तेव्हा गणितीय रीतीवर मालकी असावी काय, असा वाद उत्पन्न झाला.

मुक्तस्रोत भाषांपैकी जीएनयू मॅथप्रॉग ही मॉस्कोतील आंद्रेई माखोरिन यांच्या जीएलपीके या संचाचा भाग आहे. ती बव्हंशी ॲम्पलचा उपसंच असल्याने तीतील प्रतिमाने पुष्कळदा दोन्हीकडे चालतात. टोर्स्टेन कोख यांची झिंपल ही भाषा बर्लिनच्या त्सूझे संस्थेत तयार झाली. यानंतरच्या भाषा सर्वसाधारण संगणकीय भाषांच्या अंतर्गत बांधलेल्या आहेत. सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळांतील पायोमो आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातील सीव्हीएक्सपाय या पायथनमध्ये, तर मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत आरंभलेली जंप ही ज्युलियामध्ये आहे. सीव्हीएक्सपाय प्रश्न सोडविण्यापूर्वी तो बहिर्वक्र आहे किंवा कसे, हे ठराविक नियमांनी तपासते. बहिर्वक्र प्रश्नात स्थानिक किमान मूल्य हेच एकूण किमान मूल्य असते, म्हणून ही तपासणी महत्त्वाची ठरते.

महत्त्व : मुक्तस्रोताचा लाभ केवळ किंमत वाचण्यापुरता नाही. कोणते वीजकेंद्र कोठे व केव्हा उभारावे, अशा निर्णयांचा भार जनतेवर पडतो आणि ते बहुधा अशा प्रतिमानांवरून घेतले जातात. प्रतिमान परवान्यावाचून चालविता येत नसेल, तर त्यातील गृहीतके तपासण्याचा मार्ग इतरांना बंद होतो. ओसेमोसिस हे ऊर्जा-नियोजनाचे प्रतिमान याच कारणास्तव प्रथम मॅथप्रॉगमध्ये लिहिले गेले व त्याचे विवरण २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ प्रतिमान पाचशेपेक्षा कमी ओळींचे असल्याने अभ्यासकास ते संपूर्ण वाचता येते. विकसनशील देशांतील नियोजकांच्या प्रशिक्षणात त्याचा उपयोग करण्यात आला आहे.

मर्यादा : प्रतिमान वाचता आले म्हणजे ते बरोबर असतेच असे नाही. चुकीचे दर किंवा वगळलेला निर्बंध भाषा ओळखू शकत नाही. चलांची मूल्ये पूर्णांकच असावीत अशी अट असलेले मोठे प्रश्न भाषा कोणतीही असली, तरी अवघडच राहतात. अशा प्रश्नांत व्यापारी सॉल्व्हर सामान्यतः अधिक वेगवान ठरतात. तथापि एडिंबरो विद्यापीठातील हाय्‌ज हा सॉल्व्हर व २०२२ मध्ये मुक्तस्रोत झालेला स्किप यांमुळे प्रतिमान लिहिण्यापासून उत्तर मिळेपर्यंतचा सर्व मार्ग खुल्या साधनांनी पार करता येतो. त्या उत्तराची फेरतपासणीही कोणालाही स्वतंत्रपणे करता येते.