तुमचं मत कशावर उभं आहे?

तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात लवकरच एक स्वाध्याय येतो. तुम्हाला मनापासून पटलेलं एक मत लिहा आणि ते इतरांनी खरं का मानावं ते सांगा. देव आहे, देव नाही, पुनर्जन्म असतो, मांसाहार करू नये, फाशीची शिक्षा हवी, पत्रिका जुळल्याशिवाय लग्न करू नये. विषय कोणताही चालतो. अकरावीला तर्कशास्त्र घेतलेल्या मुलांना विधान, अनुमान, निष्कर्ष हे शब्द ठाऊक असतात. पण तिथली उदाहरणं सॉक्रेटिस मर्त्य आहे अशा प्रकारची, कुणाच्याही जिव्हारी न लागणारी असतात. इथे स्वतःचंच मत वर्गासमोर मांडायचं असतं. मग वर्ग गप्प होतो, आणि घरीही काळजी सुरू होते की पोरगं आता देवाला हात जोडायचं सोडणार की काय. या गप्पपणामागे आणि काळजीमागे काही गैरसमज आहेत. त्यांच्यापायी किती तरी चांगली मुलं या विषयाकडे फिरकत नाहीत, म्हणून ते एकदा नीट तपासायला हवेत.

गैरसमज: श्रद्धेची कारणं विचारणं हा श्रद्धेचा अपमान आहे.

हा सगळ्यांत खोलवर रुजलेला समज आहे आणि आपल्याच परंपरेच्या तो उलट जातो. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला आत्म्याविषयी सांगताना श्रवणानंतर मनन सांगतात आणि त्यानंतर निदिध्यासन. ऐकलेलं तपासून पाहण्याची पायरी मध्ये आहे, ती ओलांडून पुढे जाता येत नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी उदयनाचार्यांनी ईश्वराचं अस्तित्व सिद्ध करण्यासाठी 'न्यायकुसुमांजली' लिहिली. ईश्वर नाही असं म्हणणाऱ्यांचे आक्षेप त्यांनी एकेक करून मांडले आणि त्यांना उत्तरं दिली. ग्रंथाच्या सुरुवातीलाच ते म्हणतात की ही न्यायचर्चा म्हणजेच मनन आहे आणि ती ईश्वराची उपासनाच आहे. ज्याची श्रद्धा डळमळीत आहे असा माणूस हे लिहिणार नाही.

आपल्या ज्ञानेश्वरांकडे पाहा. 'अमृतानुभवा'च्या दहा प्रकरणांत सर्वांत मोठं प्रकरण सातवं, अज्ञानखंडनाचं. अज्ञान नावाची वस्तू मानली तर ती राहते कुठे, तिला जाणतं कोण, कोणत्या प्रमाणानं ती सिद्ध होते, असे प्रश्न विचारत ते प्रतिपक्षाची एकेक वाट बंद करत जातात. वारकऱ्यांची माउली आणि इतका कडक युक्तिवाद करणारा विचारवंत ही एकच व्यक्ती आहे. भक्ती आणि तर्क यांचं हाडवैर आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे प्रकरण सावकाश वाचावं.

गैरसमज: 'हे माझं मत आहे आणि ते बाळगण्याचा मला हक्क आहे' इतकं म्हटलं की पुरे.

हक्क आहेच. संविधानाचा अनुच्छेद 25 सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतो, अनुच्छेद 19 बोलण्याचं. या हक्कामुळे शासनाला किंवा शेजाऱ्याला तुमच्यावर मत लादता येत नाही. पण ते मत खरं आहे का, हा प्रश्न त्यानं सुटत नाही. त्याच संविधानात 1976 साली 42 व्या दुरुस्तीनं मूलभूत कर्तव्यं आली. त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद, शोधक बुद्धी आणि सुधारणावाद यांचा विकास करणं हेही एक कर्तव्य आहे.

मत बाळगण्यालाही नीती असते, हा मुद्दा इंग्लंडमधला गणिती विल्यम क्लिफर्ड यानं 1877 मध्ये एका निबंधात मांडला. त्यानं एका जहाजमालकाची गोष्ट सांगितली आहे. जहाज जुनं झालेलं, दुरुस्तीला आलेलं. मालकाच्या मनात शंका येते. पण आजवर इतक्या सफरी सुखरूप झाल्या, देव सांभाळून घेईल, असं म्हणत तो ती शंका दाबून टाकतो. अगदी मनापासून विश्वास ठेवून तो प्रवाशांना निरोप देतो. जहाज बुडतं आणि मालक विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड पुढे जे म्हणतो त्यावर वर्गात हमखास चर्चा रंगते: जहाज सुखरूप पोचलं असतं तरी हा माणूस तितकाच दोषी ठरला असता, कारण हातात असलेल्या पुराव्याच्या आधारे तसा विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकारच नव्हता.

तत्त्वज्ञ विल्यम जेम्सनं 1896 मध्ये त्याला उत्तर दिलं. काही प्रश्न पुराव्यानं सुटत नाहीत, तरी निवड टाळता येत नाही आणि तिच्यावर फार मोठं काही अवलंबून असतं. अशा वेळी मनाचा कौल मानणं अयोग्य नाही, असं त्याचं म्हणणं. जेम्सचं नाव घेऊन 'वाटेल ते माना' असं सांगणारे बरेच भेटतात. त्यानं घातलेल्या अटी ते वाचत नाहीत. पुराव्यानं सुटू शकणाऱ्या प्रश्नाला ही सवलत लागू नाही. तापासाठी कोणतं औषध घ्यावं हे मनाच्या कौलावर ठरवता येणार नाही.

गैरसमज: ज्याचं त्याचं खरं वेगळं, म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही.

हे म्हणताना अनेक जण जैनांच्या अनेकान्तवादाचा आधार घेतात. अनेकान्तवाद असं म्हणत नाही. वस्तूला अनेक बाजू आहेत, म्हणून प्रत्येक विधान कोणत्या अपेक्षेनं केलं ते स्पष्ट करा, अशी त्याची मागणी आहे, आणि ती भोंगळ नाही, काटेकोर आहे. समंतभद्र, अकलंक यांच्यासारख्या जैन आचार्यांनी एकांतवादी मतांचं खंडन हिरिरीनं केलं. सगळीच मतं सारखी खरी असती तर त्यांना एवढे कष्ट घ्यावे लागले नसते.

गैरसमज: ग्रंथात लिहिलंय किंवा घरातल्या मोठ्यांनी सांगितलंय, असं म्हटलं की चर्चा संपते. किंवा याच्या उलट: असा आधार तर्काच्या वर्गात चालतच नाही.

दोन्ही चूक. न्यायदर्शन चार प्रमाणं मानतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं, विश्वासार्ह माणसाचं वचन. आपल्या बहुतेक ज्ञानाला हाच आधार आहे. स्वतःची जन्मतारीखसुद्धा कुणी स्वतः पाहून ठेवलेली नसते. तेव्हा 'आजी सांगायची' हा आधार हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण सांगणारा आप्त आहे हे मग दाखवावं लागतं. वेद प्रमाण मानणाऱ्या नैयायिकांनीही ही जबाबदारी टाळली नाही. न्यायसूत्रांत युक्तिवाद असा येतो: मंत्र आणि आयुर्वेद यांचा गुण अनुभवाला येतो, म्हणून ते सांगणाऱ्यावर आपण विश्वास ठेवतो, त्याच न्यायानं वेदही प्रमाण. हा युक्तिवाद पटो वा न पटो, त्यामागची वृत्ती पाहण्यासारखी आहे. इतक्या पूज्य ग्रंथासाठीसुद्धा त्यांनी पडताळून पाहता येईल असा आधार शोधला.

पुनर्जन्माचं उदाहरण घेऊ, कारण ते वर्गात दरवर्षी येतं. पुनर्जन्म का मानायचा? कारण कर्माचं फळ मिळायलाच हवं आणि ते एका जन्मात मिळताना दिसत नाही. बरं, कर्माचं फळ मिळतंच कशावरून? कारण या जन्मी नाही तर पुढच्या जन्मी मिळतं. आता दोन विधानं एकमेकांच्या खांद्यावर उभी आहेत आणि जमिनीला पाय कुणाचेच नाहीत. नैयायिक याला अन्योन्याश्रय म्हणतात. यावरून पुनर्जन्म खोटा ठरत नाही. हे समर्थन अपुरं आहे इतकंच कळतं, आणि विद्यार्थ्याला नेमकं काम मिळतं. जग न्यायी आहे हे आपण गृहीत धरलं होतं, त्याला स्वतंत्र आधार काय आहे ते आता शोधायचं.

गैरसमज: तर्कानं बाजू मांडणं म्हणजे समोरच्याला हरवणं.

टीव्हीवरच्या चर्चा पाहून वाढलेल्या पिढीचा हा समज असणं साहजिक आहे. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार केले. प्रमाण आणि तर्क वापरून पक्ष-प्रतिपक्ष मांडत तत्त्वनिर्णयाकडे जायचं तो वाद. छल वापरून, म्हणजे समोरच्याच्या शब्दांचा भलताच अर्थ काढूनही, जिंकायचं तो जल्प. स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची फक्त पाडायची ती वितंडा. वाद कुणाशी करावा हेही सूत्रकार सांगतात: शिष्याशी, गुरूशी, सहाध्यायांशी, आपलं कल्याण इच्छिणाऱ्या आणि असूया नसलेल्या लोकांशी. तत्त्वज्ञानाच्या वर्गाचं याहून नेमकं वर्णन मला माहीत नाही.

चर्चेत माणूस कुठे अडकतो, याची 22 निग्रहस्थानं सूत्रांत दिली आहेत. ती पाठ करण्यापेक्षा ओळखायला शिकावं. मांसाहार अनैतिक आहे, असं कुणी म्हणालं, आक्षेपांना उत्तर सुचेना, तेव्हा मांसाहार आरोग्याला घातक आहे असं दुसरंच विधान त्यानं पुढे केलं. हे प्रतिज्ञांतर. आपल्या बाजूतला दोष कुणी दाखवला आणि आपण म्हणालो, 'मग तुमच्यात नाही का तो?' ही मतानुज्ञा. आपला दोष आपण न नाकारता मान्यच केला, म्हणून तो पराभव. आजच्या राजकीय चर्चेचा निम्मा भाग या एका निग्रहस्थानात मावेल. आणि मला सर्वांत मोलाचं वाटतं ते अननुभाषण: समोरच्याचं म्हणणं तीनदा सांगूनही ज्याला ते परत सांगता येत नाही, तो हरला. खंडन करण्याचा अधिकार मिळवायचा तर आधी ऐकावं लागतं.

एका बाबतीत मात्र वर्गानं या जुन्या नियमांपासून थोडं दूर जावं. स्पर्धेत विधान बदललं की हार होते. वर्गात एखादी मुलगी म्हणाली, 'सगळीच हिंसा वाईट असं मला म्हणता येणार नाही, शेतीतही जीव जातात. टाळता येण्याजोगी हिंसा वाईट, असं मी म्हणते', तर तिनं उघडपणे आपलं मत सुधारलं. तिला शाबासकी द्यायला हवी.

याच गैरसमजाची दुसरी बाजू अधिक दुखरी आहे. ज्याला फर्डं बोलता येतं त्याचंच खरं, असं वर्गात नकळत ठरून जातं. शहरातला, प्रमाण मराठी किंवा इंग्रजी सफाईनं बोलणारा मुलगा बाजी मारतो. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली, आपल्या बोलीत विचार करणारी मुलगी गप्प बसते, तिचा मुद्दा सरस असला तरी. हा दोष तर्काचा नाही, वर्ग चालवण्याच्या पद्धतीचा आहे, आणि तो शिक्षकानंच दूर करायचा. आधी लिहायला वेळ द्यावा, मग बोलायला सांगावं. बोलीतलं उत्तर आहे तसं स्वीकारावं. कुणाला आपली खासगी श्रद्धा चारचौघांत उघड करायची नसेल तर तो आग्रह कधीच धरू नये. त्या विद्यार्थ्याला दुसरा विषय द्यावा.

गैरसमज: तर्क शिकलेला माणूस शेवटी नास्तिकच होतो.

टिळक आणि आगरकर डेक्कन कॉलेजात मित्र झाले. 1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी 101 दिवस एकत्र काढले. मिल आणि स्पेन्सर हे पाश्चात्त्य विचारवंत दोघांनीही वाचले. आगरकर त्या वाचनातून बुद्धिवादाकडे गेले आणि 1888 मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. टिळकांनी 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त मिल, स्पेन्सर, कांट, ग्रीन यांची मतं सविस्तर तपासली आणि ते गीतेच्या कर्मयोगापाशी पोचले. दोघांनीही आपापली बाजू कारणं देऊन मांडली. निष्कर्ष वेगळे निघाले, म्हणून दोघांपैकी एकाला तर्काचं वावडं होतं असं म्हणता येत नाही. प्राचीन काळी तर याहून नवलाचं चित्र दिसतं. वेदाचे कट्टर रक्षक असलेले मीमांसक कुमारिल भट्ट जगाचा कर्ता ईश्वर नाकारतात, आणि ईश्वराच्या बाजूनं सर्वांत जोरकस लढतात ते तर्कपंडित नैयायिक.

गैरसमज: आक्षेपाला उत्तर देता आलं नाही तर मत तिथल्या तिथे सोडून द्यायला हवं.

नाही. एका तासात उत्तर सुचलं नाही, म्हणून उत्तर नाहीच असं ठरत नाही. प्रामाणिक माणसानं इतकंच करावं: आक्षेप लिहून ठेवावा, मत थोडं सैल धरावं, आणि शोधत राहावं. आठ दिवसांनी, वर्षानं, उत्तर सापडेल किंवा मत बदलेल. दोन्ही चालतं. आक्षेप ऐकलाच नाही असं वागणं मात्र चालत नाही, कारण क्लिफर्डच्या जहाजमालकानं नेमकं तेच केलं.

आता हा स्वाध्याय ज्यांच्यासमोर आहे त्या विद्यार्थ्यांना एक विनंती. बरेच जण गुण जाऊ नयेत म्हणून सोपा, कुणालाच न बोचणारा विषय निवडतात, किंवा शिक्षकांना आवडेल ते मत लिहितात. तसं करू नका. ज्या मताविना तुम्ही स्वतःला ओळखणार नाही, तेच घ्या. त्याच्या विरोधातला सर्वांत बळकट आक्षेप आधी अशा शब्दांत लिहा, की विरोधकानंही म्हणावं, हो, मला हेच म्हणायचं होतं. त्यानंतर उत्तर लिहायला घ्या.