छक्कीची जोडी आणि न सापडलेला बग

गेल्या पावसाळ्यात मी पंधरा दिवस एक बग शोधत होतो. तो बग नव्हताच, हे कळायला आणखी आठवडा गेला. आजचा लेख त्याबद्दल.

ज्यांनी आधीचे लेख वाचलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: माझा विषय आहे अपुऱ्या माहितीचे खेळ. समोरच्याची पानं दिसत नसताना निर्णय कसा घ्यायचा? त्यासाठी मी तीन खेळाडूंचं टेक्सास होल्डेम पोकर वापरतो. (खरे पैसे कुठेच नाहीत, चिप्स म्हणजे फाईलीतले आकडे!) प्रत्येकाला दोन झाकली पानं मिळतात. टेबलावर आधी तीन उघडी पानं येतात, त्याला फ्लॉप म्हणतात. मग आणखी एक, आणि शेवटचं एक, म्हणजे रिव्हर. सातातली उत्तम पाच पानं धरायची. प्रत्येक टप्प्यावर बेट लावता येते, किंवा काहीच न लावता चेक करता येतं.

माझा प्रोग्राम स्वतःशीच लाखो डाव खेळून शिकतो. डाव संपला की तो हळहळतो: इथे दुसरी चाल केली असती तर किती मिळालं असतं? जिच्याबद्दल हळहळ जास्त, ती चाल पुढे जास्त वेळा खेळायची. ही पद्धत 2007 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी मांडली.

तर झालं असं, की हा पठ्ठ्या कमकुवत जोडीवरही फ्लॉपला धडाधड बेट लावायला लागला. हातात छक्की-पंजी, टेबलावर नव्वी, छक्की, दुर्री, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. म्हणजे जोडी आहे, पण मधली. मी म्हटलं, हे चुकतंय.

मला चूक का वाटली?

कारण हॅरॉल्ड कून. त्यांनी 1950 मध्ये पोकरचं एक छोटंसं रूप मांडलं: दोन खेळाडू, तीनच पानं, गुलाम, राणी आणि राजा. प्रत्येकाला एक पान. समजा तुमच्याकडे राणी आहे आणि तुम्ही बेट लावलीत. समोर राजा असेल तर तो आनंदाने कॉल करणार. गुलाम असेल तर तो पान टाकून देणार. म्हणजे हरताना जास्त हरलात, आणि जिंकताना काही जास्त मिळालं नाही. त्यापेक्षा चेक करा, कदाचित गुलामवाला थाप मारेल आणि तुम्ही त्याला पकडाल. कूनच्या खेळात राणीवाल्याने स्वतःहून कधीच बेट लावू नये, हे गणिताने सिद्ध होतं.

छक्कीची जोडी म्हणजे राणीच की! म्हणून मी प्रोग्राममध्ये सरळ नियम घातला: मधल्या जोडीवर बेट बंद. आणि माझा 'दुरुस्त' प्रोग्राम जुन्या प्रोग्रामसमोर हरायला लागला. सलग.

आधी मोजायला हवं होतं

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. माझी दोन आणि टेबलावरची तीन पानं सोडली तर 47 पानं उरतात. त्यांतून दोन पानांच्या 1081 जोड्या बनतात. त्यांतल्या माझ्या छक्कीला आत्ता हरवणाऱ्या किती? सगळ्या नव्व्या, वरच्या पानांच्या जोड्या, मोठ्या साथीदारासह छक्की, वगैरे धरून 243. म्हणजे साडेबावीस टक्के.

आता खेळाडूंची संख्या बघा. समोर पाच जण असतील तर पाचांपैकी एकही पुढे नसण्याची शक्यता साधारण 28 टक्के. दोनच असतील तर 60 टक्के! पान तेच, पण मोठ्या टेबलावर ते मागे असतं आणि छोट्या टेबलावर बहुतेक वेळा पुढे. (इथे समोरच्यांची पानं कशीही असू शकतात असं धरलंय. मोठ्या टेबलावर लोक निवडक पानांवरच थांबतात, त्यामुळे तिथे चित्र आणखी वाईट. छोट्या टेबलावर सक्तीची बेट सारखी आपल्यावर येते, म्हणून सगळेच हलकी पानं खेळतात.)

आणि मुख्य फरक

कूनच्या खेळात गुलाम कायम गुलामच राहतो. पुढे पान यायचंच नसतं. दिवाळीत अनेक घरांत रंगणाऱ्या तीन पत्तीतही पानं एकदाच वाटतात. होल्डेममध्ये तसं नाही. समोरच्याकडे राजा-राणी असेल तर आत्ता तो मागे आहे, पण तीन राजे आणि तीन राण्या त्याला वाचवू शकतात. उरलेली दोन्ही पानं फुकट दाखवलीत तर त्याला यातलं एखादं मिळण्याची शक्यता 25 टक्के. पॉटमध्ये 100 चिप्स असतील तर चेक करून तुम्ही त्याला जवळपास 25 चिप्सचा हक्क बहाल केलात.

आता 50 ची बेट लावा. त्याला 50 घालून 150 जिंकायचे आहेत, म्हणजे 25 टक्के शक्यता हवी. पण त्या किमतीत खात्रीने एकच पान दिसणार: 45 पैकी 6, जेमतेम 13 टक्के. त्याने पान टाकणंच शहाणपणाचं. म्हणजे तुमच्यापेक्षा वाईट पानवाल्याने डाव सोडला, तरी इथे तुमचा फायदा झाला. कूनच्या राणीला हे कधीच मिळत नाही.

मग कून चुकले का? अजिबात नाही. रिव्हर आली की पुढे पान उरत नाही, आणि होल्डेमचा कूनचा खेळ होतो. माझा प्रोग्रामही तेच करत होता: फ्लॉपला आक्रमक, कोणी कॉल केला तर सावध, रिव्हरला बहुतेक वेळा गप्प चेक. मी फक्त फ्लॉपचे आकडे बघून घाबरलो होतो.

एक इशारा मात्र हवा. दोन खेळाडूंच्या खेळात समतोलाची चाल खेळलात तर दीर्घकाळात हरणार नाही, अशी गणिताची हमी असते. तिघांत ती हमी नाही. 2019 मध्ये प्लुरिबस या प्रोग्रामने सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिक खेळाडूंना हरवलं, पण तेही हमीशिवायच. म्हणून माझ्या प्रोग्रामचं म्हणणं हा पुरावा नव्हे, त्याची कारणमीमांसा मलाच करावी लागते.

तो बंदीचा नियम मी काढून टाकला. छोटं प्रारूप मोठ्या खेळावर लावण्याआधी एक प्रश्न आता वहीच्या पहिल्या पानावर लिहिलाय: छोटं करताना आपण काय काढून टाकलं? माझ्या बाबतीत उत्तर होतं, पुढचं पान.