पादचाऱ्याचा हिशेब कोण मांडणार?

लहान गावातील रस्त्यांची चर्चा रुंदीकरणापाशी सुरू होते आणि सिमेंटीकरणापाशी संपते. रस्ता गुळगुळीत झाला, वाहने विनाअडथळा धावू लागली, की विकास झाला असे मानण्याची प्रथा पडली आहे. या विकासाची किंमत कोण चुकवितो, हे मात्र जमाखर्चात कोठेच दिसत नाही.

नांदेड जिल्ह्यातील उमरी हे मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गाच्या आणि कापसाच्या आधाराने वाढलेले गाव. पेठ इतकी सधन की निजामी राजवटीत येथे हैदराबाद स्टेट बँकेची शाखा होती. मुक्तिसंग्रामात 30 जानेवारी 1948 रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी ती लुटली, हे मराठवाड्यात सर्वश्रुत आहे. अशा जुन्या पेठांची रचना बैलगाडीच्या गतीला अनुसरून झालेली असते. दुकानाची पायरी, पायी जाणारा आणि गाडी ही तिन्ही एकाच जागेत नांदत, कारण गाडी आणि माणूस यांच्या वेगात फारसे अंतर नव्हते. आज त्याच जागेतून मोटारसायकली, ऑटोरिक्षा आणि मालाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या जातात, आणि शाळेसाठी, दवाखान्यासाठी वा तहसील कचेरीच्या कामासाठी खेड्यावरून आलेला माणूस त्यांच्यामधून वाट काढतो.

देशात 2022 साली रस्ता अपघातांत 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे मरण पावली; त्यांत पाचांमागे जवळजवळ एक पायी चालणारा होता. ज्याने वाहन घेतले नाही, ज्याला वेगाचा काडीचाही लाभ नाही, त्याच्याच माथी वेगाचा खर्च येतो. अर्थशास्त्रात यास सामाजिक परिव्यय म्हणतात. लाभ एकाचा, भुर्दंड दुसऱ्याचा. शेतमजुराचा पाय मोडला तर त्याचा सुगीचा हंगाम बुडतो, सावकाराचा उंबरठा झिजवावा लागतो, आणि पुष्कळदा घरातील थोरल्या मुलीची शाळा सुटते. हा तोटा रस्त्याच्या अंदाजपत्रकात कोणी धरीत नाही.

वस्तुतः प्रश्न रुंदीचा नसून वेगाचा आहे. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. म्हणून ताशी 30 किलोमीटर वेगाच्या धडकेत वाचणाऱ्या माणसाची 60 च्या धडकेत वाचण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. वस्तीतून जाणारा रस्ता केवळ रुंद केला, तर हा वेग वाढविण्याचीच सोय होते.

यावर उपाय म्हणून ठिकठिकाणी गतिरोधक घातले जातात. पण ते कसे? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक सुमारे 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, म्हणजे ताशी 25 किलोमीटर वेगाने सहज ओलांडता येईल असा असावा. प्रत्यक्षात डांबराचा अरुंद उंचवटा टाकून काम उरकले जाते. त्याला पट्टे नसतात, फलक नसतो. रात्री दुचाकीस्वार त्यावरच कोसळतो. याच संस्थेने पादपथाची किमान मोकळी रुंदी 1.8 मीटर सांगितली आहे. जुन्या पेठेत इतकी जागा निघणे कठीण, हे मान्य करावे लागेल. जेथे ती निघत नाही तेथे वाहनालाच माणसाच्या गतीने चालविणे, हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

पादपथाचा विषय निघाला की पहिली कुऱ्हाड हातगाडीवाल्यावर पडते. हे काही न्यायाचे नाही. फळवाल्याचे गिऱ्हाईक पायीच येते. तासन् तास दुकानापुढे उभी असलेली मोटार त्याच्याहून अधिक जागा अडविते, आणि तिला कोणी उठवीत नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने विक्रीची जागा ठरवून देण्याची वाट दाखविली आहे. सर्वोच्च न्यायालयानेही मे 2025 मध्ये पादपथ वापरण्याचा हक्क हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. तथापि मुख्य रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, कडेची गटारे नगरपरिषदेची आणि वाहतूक पोलिसांची, अशी वाटणी असली की हा हक्क मागावा कोणाकडे, हेच सामान्य माणसाला उमजत नाही.

काही कामे मात्र या वाटणीत अडकण्याचे कारण नाही. शाळेच्या फाटकापुढे वाहने उभी करण्यास मनाई, स्थानकाच्या वाटेवर दिवे, ओलांडण्याच्या जागी ठळक पट्टे, यांना कोटींची निविदा लागत नाही. कदाचित म्हणूनच ती मागे पडत असावीत. अंधारात उभ्या ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्टी आहे की नाही, हे तर बाजार समितीच्या वा जिनिंगच्या फाटकावर, मालाची पावती फाडतानाच पाहता येईल.