नुसता हात थरथरत नाही…

पार्किन्सन्स म्हटलं की आपल्याला थरथरणारा हात आठवतो. मराठीत नावही कंपवात! पण लालबाग-परळच्या घरांमधून कामानिमित्त फिरताना बायकांकडून मी वेगळीच तक्रार ऐकते. "ताई, यांना शर्टाची बटणं लावायला अर्धा तास लागतो. मुद्दाम करतात की काय?"

मैत्रिणींनो, मुद्दाम कुणी करत नाही. मेंदूत डोपामाइन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, म्हणून हालचाल मंदावते. कूस बदलणं, घास तोंडापर्यंत नेणं, सगळंच सावकाश. अक्षरही बारीक होत जातं.

लेव्होडोपाच्या गोळीने हा मंदपणा कमी होतो. पण काही वर्षांनी गोळीचा असर लवकर ओसरू लागतो. तासभर माणूस नीट चालतो आणि मग खुर्चीला खिळतो. अशा वेळी 'डीप ब्रेन स्टिम्युलेशन' शस्त्रक्रियेचा विचार होतो. मेंदूत खोलवर बारीक तारा बसवतात आणि छातीच्या कातडीखाली पेसमेकरसारखं यंत्र. त्यातून सौम्य विजेचे स्पंद जातात. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे डॉ. बेनाबिद यांनी या उपचाराला आजचं रूप दिलं. आपल्याकडे पेडर रोडच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी ही शस्त्रक्रिया अनेक वर्षांपूर्वीच सुरू केली.

आता मुद्द्याची गोष्ट. जो मंदपणा गोळीने सुटतो, तोच बहुधा या यंत्राने सुटतो. म्हणून आधी रुग्णालयात परीक्षा घेतात. रात्रीपासून गोळी बंद ठेवून सकाळी बोटं आपटायला, मूठ उघडायला-मिटायला, चालायला सांगतात. मग गोळी देऊन पुन्हा तेच. साधारण एक तृतीयांश तरी फरक दिसला, तर शस्त्रक्रियेचा उपयोग होण्याची आशा असते. (घरी मात्र ही परीक्षा करू नका. गोळ्या अचानक बंद करणं धोक्याचं असतं.)

फायदा झाला तर 'चांगले तास' वाढतात, गोळ्याही बऱ्याचदा कमी होतात. पण जाणारा तोल, अडखळणारं बोलणं, विसरभोळेपणा यांवर हा उपाय नाही. बोलणं कधी कधी आणखी अस्पष्टही होतं. आजार थांबत नाही. रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचा धोका थोडा का होईना, असतोच. खर्च लाखांत जातो, यंत्र जुळवून घ्यायला अनेक फेऱ्या होतात आणि साधी बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. दागिने मोडण्याआधी हे सगळं डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

त्यासाठी एक वही करा. गोळी किती वाजता घेतली, किती वेळाने हात-पाय मोकळे झाले, पुन्हा कधी जखडले, सगळं लिहा. डॉक्टरांना ती फार उपयोगी पडते. मुंबईत डॉ. भीम सिंघल यांनी २००१ मध्ये स्थापन केलेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे, पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे याच वाटेवरची माणसं भेटतात.

आणि बटणं? ती त्यांना लावू द्या. फक्त बाहेर निघायचं असेल तेव्हा तयारी अर्धा तास आधी सुरू करा. घाई केली की हात आणखीच अडतो.